ज्योत आणि ज्वाला

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या परिसरात कौपिनेश्वराचे देवालय आणि सेंट जॉन बॅप्टिस्टचे चर्च अशी दोन पुरातन प्रार्थनास्थाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नांदत आहेत, आणि एकात समईची वात सारली जाते त्याच प्रहरी दुसऱ्यात वेदीजवळचा अखंड दीप तेवत असतो, ही गोष्ट ठाणेकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या पाठीशी किती शतकांची उलथापालथ आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ख्रिस्ती धर्मविचारात प्रकाशाइतके मध्यवर्ती रूपक दुसरे नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा उपोद्घातच प्रकाश आणि अंधार यांच्या द्वंद्वाने झालेला आहे. येशू स्वतःस जगाचा प्रकाश म्हणवितो, आणि आश्चर्य असे की तीच पदवी तो आपल्या अडाणी कोळी शिष्यांनाही देऊन, दिवा मापाखाली झाकावयाचा नसून दिवठणीवर ठेवावयाचा असतो, असे त्यांना बजावतो. या आज्ञेमुळे प्रकाश ही केवळ ध्यानाची वस्तू न राहता वाहून नेण्याची वस्तू झाली, आणि तो वाहून नेणारे लोक जेव्हा आमच्या या खाडीकाठच्या मुलखात उतरले तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली: जेथे प्रत्येक तुळशीपुढे पणती, प्रत्येक लेण्यात दीपस्थान आणि प्रत्येक अग्यारीत अखंड अग्नी आहे, तेथे प्रकाशाचे अप्रूप ते कोणाला सांगणार? या अडचणीतून निरनिराळ्या काळच्या धर्मोपदेशकांनी जे निरनिराळे मार्ग काढले, त्यांचा वृत्तांत ठाणे आणि कल्याण या दोन कसब्यांच्या इतिहासात जितका स्पष्ट वाचता येतो तितका तो महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच वाचता येईल.

कल्याणचा मान यात पहिला. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस, ज्यास पुढे इंडिकोप्लुस्टिस म्हणजे हिंदुस्थानची सफर केलेला असे उपनाव पडले, त्याने आपल्या ग्रंथात कल्लियाना नावाच्या बंदराचा उल्लेख केला असून तेथे इराणातून नेमून आलेला बिशप असतो असे नमूद केले आहे. हे कल्लियाना म्हणजे आमचे कल्याणच, असे पुष्कळ विद्वान मानतात. काहींची दृष्टी मलबारकडे वळते. मला स्वतःला पहिला पक्ष बलवत्तर वाटतो, कारण त्याच बंदरातून तांबे, इमारती लाकूड आणि कापड निर्यात होते असेही कॉस्मस सांगतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दाने देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचे जे लेख कोरलेले आहेत ते पाहता अशा पेठेत दूरदेशीच्या सावकारांची वस्ती असणे अगदी स्वाभाविक होते. हा बिशप ज्या पूर्वेकडील सिरियन परंपरेचा, तिचे उपासक उगवत्या सूर्याच्या दिशेकडे तोंड करून प्रार्थना करीत. आणि ज्या इराणातून तो आला, तेथे अग्नी आणि प्रकाश हे राजधर्माचेच प्रतीक होते. म्हणजे प्रकाशाच्या पूजकांमध्ये राहून, त्यांच्या राज्यात छळ सोसून, आपला प्रकाश वेगळा कसा हे शांतपणे सांगण्याचा अभ्यास या मंडळींना कल्याणास येण्यापूर्वीच झालेला होता. त्यांच्यामागे सैन्य नव्हते, फर्मान नव्हते. होती ती गलबते आणि वखारी. त्यांनी या किनाऱ्यावर कोणाचे काही जाळल्याची नोंद नाही, आणि त्यांचे स्वतःचे असे अवशेषही कल्याणात उरलेले नाहीत.

तथापि नाव उरले, आणि नावात किती धारणाशक्ती असते याचे प्रत्यंतर फार उशिरा आले. केरळातील सिरो-मलबार ख्रिस्ती, जे स्वतःस संत तोमाच्या परंपरेचे म्हणवितात आणि ज्यांचा उपासनाविधी त्याच पूर्व सिरियन कुळातला आहे, ते विसाव्या शतकात नोकरीधंद्याच्या निमित्ताने मुंबई, ठाणे, डोंबिवली, कल्याण या आगगाडीच्या पट्ट्यात येऊन स्थिरावले. आणि ३० एप्रिल १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्याकरिता जो स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला त्यास नाव दिले ते कल्याणचे, यद्यपि त्याचा विस्तार मुंबई-पुण्यापासून पार दूरवर पसरलेला होता. केरळच्या या घरांतून निलविळक्कू नावाची पितळी समई असते, आणि ख्रिस्ती घरांतील समईच्या शेंड्यावर क्रूस असतो, एवढाच तिच्यात आणि शेजारच्या हिंदू घरातील समईत भेद. डोंबिवलीसारख्या ठिकाणी दिवाळीचा आकाशकंदील एका गॅलरीतून उतरतो न उतरतो तोच शेजारच्या गॅलरीत नाताळची कागदी चांदणी चढते, आणि खालून जाणाऱ्यास या दोहोंतले अंतर शोधावे लागते.

परंतु ठाण्याची गोष्ट अशी सौम्य नाही. १३२१ साली इराणच्या आखातातून कोल्लमला जाण्यास निघालेले चार फ्रान्सिस्कन, म्हणजे तोलेन्तिनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि दुभाष्याचे काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रिओस, हे जहाजमालकाच्या मर्जीमुळे इच्छेविरुद्ध ठाण्यास येऊन उतरले. यांतील तोमासो हा सामान्य भिक्षू नव्हता; चीनमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या मोन्तेकोर्विनोच्या जॉनची पत्रे घेऊन तो पूर्वी पोपच्या दरबारी गेलेला होता. त्यांच्या सोबत जोर्दानुस नावाचा एक डोमिनिकन होता. ठाण्यात त्या वेळी त्याच पूर्व सिरियन परंपरेतील नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती, म्हणजे कल्याणच्या बिशपाचा वारसा सात-आठ शतकांनंतरही या खाडीवर अगदीच विझलेला नव्हता; त्यांपैकी एका घरी हे पाहुणे उतरले. घरधन्याने बायकोला मारले, तिने काजीकडे फिर्याद नेली, आणि आपल्या घरी असलेले हे परदेशी धर्मपुरुष आपले साक्षीदार आहेत असे तिने सांगितले. एका घरगुती कज्ज्यातून प्रकरण वाढत वाढत धर्मवादावर गेले. काजीने पैगंबरासंबंधी प्रश्न केला, भिक्षूंनी परिणामाचा विचार न करता कठोर उत्तर दिले, आणि दिल्लीच्या सुलतानाच्या वतीने ठाण्याचा अंमल पाहणाऱ्या मलिकाच्या हाती निवाडा गेला.

पुढचा वृत्तांत आपल्यापर्यंत मुख्यतः ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या लेखणीतून आला आहे. तो होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांच्या प्रवासाने ठाण्यास पोचला खरा, पण घटना घडून गेल्यानंतर. त्यामुळे त्याने जे लिहिले ते ऐकीव आहे हे वाचकाने विसरू नये. (ठाण्याचे उंदीर कुत्र्यांएवढे मोठे असून मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, असेही त्याने लिहून ठेवले आहे, ज्याने येथली घूस पाहिली आहे तो त्याला या बाबतीत तरी खोटारडा म्हणणार नाही.) ओदोरिक सांगतो की या भिक्षूंना आधी भर उन्हात उभे करण्यात आले, मग मैदानात मोठी चिता रचून जाकोमोला तीत लोटले, पण तो जसाच्या तसा बाहेर आला, पुन्हा एकदा, या खेपेस तेल ओतून, लोटले, तरीही ज्वालांनी त्याला स्पर्श केला नाही. मलिकाचे मन डळमळले आणि त्याने त्यांना खाडीपलीकडच्या वस्तीत पोचते केले. परंतु काजीच्या आग्रहावरून रात्री मारेकरी पाठवून ९ एप्रिलच्या सुमारास तिघांचा शिरच्छेद करण्यात आला, आणि सामानापाशी मागे राहिलेल्या पिएत्रोला दोन दिवसांनी मृत्यू आला. आणि येथे कथेतील मर्म येते: शिरच्छेद होताच, ओदोरिकाच्या कथनाप्रमाणे, मध्यरात्रीचे आकाश एकाएकी उजळून निघाले, चंद्र विलक्षण तेजाने झळकू लागला, आणि त्यापाठोपाठ मेघगर्जना व विजा यांचा असा कल्लोळ झाला की लोकांना आपला अंत आला असे वाटले.

इतिहासकार म्हणून या चमत्काराचे काय करावयाचे? एप्रिलच्या रात्री कोकणपट्टीत अवकाळी गडगडाट होणे अशक्य नाही, एवढे म्हणून पुढे सरकणे सोपे आहे. पण त्याने कथेचा अर्थ हाती लागत नाही. ओदोरिकाच्या वृत्तांतात अग्नी दोनदा येतो आणि निष्फळ ठरतो, नंतर प्रकाश येतो आणि काहीही न जाळता सर्वांना दिसतो. जाळणारे तेज सत्तेचे आणि उजळणारे तेज साक्षीचे, असा भेद ज्याने ही कथा प्रथम सांगितली त्याच्या मनात स्वच्छ होता. या कथेचा पुढे युरोपात मोठा प्रसार झाला, ओदोरिकाने हुतात्म्यांच्या अस्थी चीनमधील झैतून बंदरात नेऊन ठेवल्या, आणि १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी तोलेन्तिनोच्या तोमासोच्या पूजनास मान्यता दिली.

मात्र या हुतात्म्यांपेक्षा मला त्यांचा मागे राहिलेला सोबती जोर्दानुस अधिक चिंतनीय वाटतो. हत्येच्या वेळी तो ठाण्याबाहेर होता. त्यानेच त्यांची प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली. पुढील काही वर्षे तो या किनाऱ्यावर जवळजवळ एकाकी राहिला, आणि त्याने लिहिलेल्या पत्रांपैकी एक ठाण्याहून गेलेले आहे. भडोचला सुमारे नव्वद, मागाहून आणखी वीस, आणि ठाणे ते सोपारा या टापूत पस्तीस माणसांना आपण बाप्तिस्मा दिल्याचे तो कळवितो. एवढ्या यातनांनंतर एवढी लहान संख्या, आणि तीही तो न फुगवता सांगतो! १३२९ मध्ये त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली. आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्याने पारशांची दखल घेतली आहे: हे अग्निपूजक आपले मृत न जाळता, न पुरता छप्पर नसलेल्या बुरुजात ठेवतात, आणि शुभ व अशुभ, प्रकाश व अंधार अशी दोन आदितत्त्वे मानतात. ज्याच्या मित्राला अग्नीत लोटण्यात आले त्याने अग्नीच्या उपासकांविषयी इतक्या निर्विकार अचूकपणे लिहावे, ही त्या माणसाच्या मनाच्या प्रकृतीची साक्ष आहे. १००९ आणि १०२१ साली कान्हेरीच्या लेण्यांत येऊन पहलवी लिपीत आपली नावे कोरून गेलेले पारशी याच प्रदेशात वावरत होते. म्हणजे प्रकाशाचे उपासक एकमेकांच्या देवळांत डोकावून पाहण्याची चाल येथे जोर्दानुसाच्याही आधीची.

पोर्तुगिजांची कारकीर्द मी लवकर आटोपती घेतो, कारण तिच्यासंबंधी पुष्कळ लिहिले गेले आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांस दिला, आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन असे संघ ठाण्यात आले. सेंट जॉन बॅप्टिस्टच्या चर्चचा आरंभ १५७९ पासून सांगतात. या काळात ख्रिस्ती प्रकाशाच्या हाती प्रथमच सरकारी मशाल आली. देवळे पाडली गेली, लेण्यांची चर्चे झाली, आणि अंधारातून प्रकाशात आणण्याची भाषा राजाज्ञेची भाषा झाली. त्या दोनशे वर्षांत शाळा, रुग्णालये आणि अनाथालये निघाली हे खरे. गावोगावच्या कुणब्या-कोळ्यांतून एक मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज निर्माण झाला हेही खरे. पण ज्याच्या हाती मशाल असते त्याला समोरच्याच्या घरातला दिवा दिसत नाही, हा दोष त्या राजवटीतून शेवटपर्यंत गेला नाही, आणि १७३७ मध्ये साष्टी बेटावर मराठी फौजा उतरल्या तेव्हा त्यांना आतून साहाय्य मिळाले याचे एक कारण यातच होते.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर युरोपियन पाद्र्यांचे बहुतेक मठ ओस पडले. आता सत्तेचा आधार गेला म्हणजे हा सारा देखावा मावळणार, असा कोणाचाही तर्क झाला असता. तसे झाले नाही. गोव्याकडील व स्थानिक देशी धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली, आणि गावठाणांतील घराघरांतून संध्याकाळची रोजारची माळ मेणबत्तीच्या उजेडात फिरत राहिली. १७६० च्या अखेरीस झेंद-अवेस्ताच्या शोधात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच पंडित आंकेतिल द्युपेराँ साष्टीतील लेणी पाहत हिंडला, तेव्हा मराठ्यांच्या अंमलातही येथले ख्रिस्ती आपले सण मोकळेपणाने साजरे करतात हे पाहून त्याला नवल वाटले. त्याच १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंद्याकाठचे कौपिनेश्वराचे देवालय नव्याने उभारले. एका सुभेदाराच्या कारकीर्दीत देवळाचा जीर्णोद्धार व्हावा आणि शेजारच्या चर्चचा उत्सवही अडू नये, या गोष्टीचे श्रेय पेशवाईच्या दफ्तरात कोणी मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसले तरी ते तिला दिले पाहिजे.

मेणबत्तीच्या या घरगुती जीवनाकडे इतिहासलेखकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. दोन फेब्रुवारीस, बाळ येशूला मंदिरात नेल्याच्या स्मरणदिनी, मेणबत्त्या आशीर्वादित करून घरी आणावयाच्या. वादळवारा सुटला किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळून अखेरच्या घटका मोजू लागले की तीच मेणबत्ती पेटवावयाची. बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्या पास्कामेणबत्तीवरून लहान मुलाची मेणबत्ती लावावयाची. आणि दोन नोव्हेंबरला दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर उजेड करावयाचा, ही वहिवाट पाद्री असो वा नसो, कुटुंबातल्या बायकांनीच मुख्यतः सांभाळली. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईत व साष्टीत गावोगाव जे दगडी क्रूस उभारले गेले, त्यांच्यापुढेही हेच दिवे लागले. ज्या समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या निमित्ताने, स्वतःस ईस्ट इंडियन हे नाव घेतले, त्याचा धर्म वाचावयाचा तो ग्रंथांपेक्षा या मेणाच्या थेंबांत. पुनरुत्थानाच्या विधीचीही एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. नवा अग्नी पेटवून, त्यावरून पास्कामेणबत्ती लावून अंधाऱ्या चर्चमध्ये प्रवेश करण्याचा हा विधी मूळचा रात्रीचा; पण मधल्या काही शतकांत तो सरकत सरकत शनिवारी सकाळी होऊ लागला, आणि अंधारावर मात करणारा प्रकाश लख्ख उन्हात पेटवला जाऊ लागला! पोप बारावे पायस यांनी १९५१ पासून तो पुन्हा रात्रीकडे नेला, तोवर आमच्या आजोबा-पणजोबांनी तो उन्हातच भक्तिभावाने पाहिला.

इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे जिंकल्यावर प्रॉटेस्टंट पंथाचाही येथे प्रवेश झाला. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ मध्ये ठाण्याच्या इंग्रजी चर्चचे प्रतिष्ठापन केले. त्याच्या थोडे आधी अमेरिकन मिशनचे जॉन निकोल्स ठाण्यास राहून मराठी शाळा चालवीत होते, आणि १८२६ मध्ये त्या मिशनच्या मुंबईतील छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. या मंडळींनी प्रकाशाचा अर्थ आणखी निराळा केला: त्यांच्या लेखी दिवा म्हणजे अक्षर. वेदीवरच्या मेणबत्तीला त्यांच्या उपासनेत फारसे स्थान नव्हते, पण शाळेच्या पाटीवर त्यांची श्रद्धा अपार होती. त्यांच्या अहवालांत हिंदू समाजाच्या अंधाराची वर्णने वाचताना आज आपला जीव गुदमरतो. तरीही मराठी गद्याला वळण लावण्यात त्यांचा जो वाटा आहे तो कोणी नाकारू नये.

आणि या अक्षराच्या दिव्यातून, मिशनच्या कल्पनेत नसलेली अशी एक ज्योत निघाली. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, कोकणातला. पण बालपणातील शिक्षणाची वर्षे त्यांनी कल्याणात काढली. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या गृहस्थाचा ठावठिकाणा मात्र त्यांना पुढे कधीच लागला नाही. टिळकांनी आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, आणि या एका उद्गाराने त्यांनी पूर्वीच्या सर्व प्रचारकांचे गृहीतक मोडून काढले. त्यांच्या दृष्टीने महाराष्ट्र अंधारात नव्हताच; येथे दिवा लागलेलाच होता, आणि त्याच्याच उजेडात त्यांना ख्रिस्ताचे मुख दिसले. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन ही येथली दिवठणे स्वीकारली, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यास देवाचा दरबार भरविला, आणि ९ मे १९१९ रोजी मृत्यू आला तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. कल्याणच्या सहाव्या शतकातील बिशपाने जे शांतपणे केले असावे, ते कल्याणातच अक्षरओळख झालेल्या या कवीने उघड बोलून दाखविले, एवढाच मी निष्कर्ष काढीन.

रोमन चर्चला या निष्कर्षाप्रत येण्यास आणखी साडेचार दशके लागली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयक जी धर्मघटना प्रसृत केली तिचा आरंभच प्रकाशाने होतो, आणि तो प्रकाश ख्रिस्ताचा असून चर्चच्या मुखावर तो केवळ प्रतिबिंबित होतो असे तीत स्पष्ट सांगितले आहे. त्यानंतर दोन आठवडेही लोटले नव्हते तोच पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त परिषदेस आले, आणि ३ डिसेंबर रोजी अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यकोपनिषदातील, तमातून ज्योतीकडे नेण्याची याचना करणारी प्रार्थना उद्धृत केली. १५३४ च्या तहनाम्याने जी मशाल या किनाऱ्यावर आली होती, तिच्या वारसदाराने आमच्याच दिव्यापाशी येऊन उभे राहावे, हा या सबंध इतिहासातील सर्वांत अनपेक्षित प्रसंग होय.

आता एक विनंती. ठाणे, कळवा, घोडबंदर आणि साष्टीच्या गावठाणांतून जुने दगडी क्रूस, त्यांच्यावर कोरलेली नावे आणि साले अद्याप आढळतात. रस्ते रुंद होत आहेत, इमारती वाढत आहेत, आणि चर्चच्या दफ्तरांतील जुन्या बाप्तिस्मा-मृत्यूच्या नोंदवह्यांना वाळवी सोडीत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून या भागाची ग्रंथसेवा करीत आहेत. त्यांच्या तरुण वाचकांपैकी चार-पाच जणांनी जरी वही-पेन्सिल आणि कॅमेरा घेऊन एकेका गावठाणाचे क्रूस, त्यांवरील लेख आणि त्यांच्यापुढे दिवा लावणाऱ्या वृद्ध बायांच्या तोंडची माहिती टिपून घेतली, तर या प्रदेशाच्या इतिहासाचे एक मोठे पान वाचेल. आणि हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हावे.